वीर, वृक आणि वेअरवुल्फ
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहीजणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. 'रूप पालटणाऱ्या प्राण्यांची इंग्रजी नावे आणि त्यांचे मूळ' या विषयाशी गुवाहाटीतल्या मराठी कुटुंबांचा संबंध काय, आणि तो मांडायला केंद्र सरकारचा एक अधिकारी कशासाठी, हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. म्हणून प्रथम खुलासा करतो.

गेल्या गणेशोत्सवात मुलांच्या प्रश्नमंजूषेचे काम माझ्याकडे होते. कार्यक्रम आटोपून प्रसाद वाटला जात असता आपल्या एका सभासदांची सातवीतली मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "काका, वेअरवुल्फला मराठीत काय म्हणतात?" इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांत रात्री लांडगा होणारा जो माणूस असतो, तो हा वेअरवुल्फ. मला मराठी शब्द आठवेना. परंतु तीस वर्षे सरकारी सेवेत काढलेल्या माणसाला 'मला ठाऊक नाही' हे वाक्य उच्चारण्याची सवय राहत नाही. मी म्हणालो, "अगं, सोपं आहे. 'वेअर' म्हणजे 'होते'. जो पूर्वी लांडगा होता तो वेअरवुल्फ." मुलीचे समाधान झाले. ती मोदक घेऊन निघून गेली.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मला शंका येऊ लागली. एका लांडग्याला अनेकवचनी क्रियापद कसे? शिवाय गोष्टीत तर माणसाचा लांडगा होतो, लांडग्याचा माणूस नव्हे. उठून शब्दकोश काढला आणि माझे उत्तर मुळापासून चुकले असल्याचे निष्पन्न झाले. आजचे व्याख्यान ही त्या चुकीची दुरुस्ती आहे असे समजावे. मी भाषापंडित नाही. बी. ए.ला संस्कृत घेतले होते, तेही गुण चांगले पडतात या हिशेबाने. त्या संस्कृतचा उपयोग तीस-पस्तीस वर्षांनी असा इंग्रजी लांडग्याच्या कामी होईल, याची मला कल्पना नव्हती.

कारण प्राचीन इंग्रजीत 'वेर' म्हणजे पुरुष. लॅटिनमधला 'विर', जुन्या आयरिशमधला 'फेर', लिथुएनियन भाषेतला 'वीरास' आणि आपला संस्कृत 'वीर' ही सारी एकाच घराण्यातली भावंडे होत. तीच गोष्ट दुसऱ्या पदाची. 'वुल्फ', ग्रीक 'लुकोस', रशियन 'वोल्क' आणि संस्कृत 'वृक' यांचे मूळ एकच. भीमाला वृकोदर म्हणतात ते त्याचे पोट लांडग्यासारखे कधी न भरणारे म्हणून. मराठीने 'वृक' सोडून 'लांडगा' जवळ केला, तरी कीर्तनकारांच्या मुखी वृकोदर अजून आहे. तेव्हा वेअरवुल्फ म्हणजे अक्षरशः 'वीरवृक'. नरसिंहासारखाच हा समास, फक्त आपला नरसिंह देव झाला आणि हा बिचारा राक्षस.

या 'वेर' शब्दाची सेवापुस्तिका पाहण्यासारखी आहे. एके काळी त्याचा मोठा दबदबा होता. अँग्लो-सॅक्सन कायद्यात प्रत्येक माणसाच्या जिवाचे मोल ठरलेले असे. कोणी त्याला ठार केले तर मारेकऱ्याने त्याच्या आप्तांना ती रक्कम भरायची. वेसेक्सच्या राज्यात साध्या शेतकऱ्याचे मोल २०० शिलिंग आणि सरदाराचे १२००. या रकमेला 'वेर्गिल्ड' म्हणत, म्हणजे पुरुषमूल्य. 'वर्ल्ड' हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. त्याच्याही पोटात हाच 'वेर' दडलेला आहे. 'वेर' अधिक वयवाचक 'आल्ड', म्हणजे माणसाचे युग, मनुष्याचा काळ. त्यावरून पुढे जग.

तेराव्या शतकाच्या सुमारास 'वेर' बोलण्यातून नाहीसा झाला. 'मॅन' हा शब्द त्यापूर्वी स्त्री-पुरुष दोघांनाही लागू असे. त्याचे नाते आपल्या 'मनू'शी लावतात. या मनूकडे वीराच्या रिक्त जागेचा अतिरिक्त कार्यभार आला आणि आपल्याकडे होते तसेच झाले, तो कार्यभार कायमचा त्याच्याकडेच राहिला. निवृत्त 'वेर' दोन ठिकाणी तेवढा टिकला. 'वर्ल्ड'मध्ये तो इतका झिजला आहे की ओळखू येत नाही. 'वेअरवुल्फ'मध्ये तो लांडग्याच्या पाठीशी उभा आहे. पण इंग्रज वाचकालाही ठाऊक नसते की या भयंकर शब्दाचा पूर्वार्ध म्हणजे साधा माणूस. आपण ही गोष्ट मनात धरून ठेवावी, तिच्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

हा शब्द इंग्रजीत प्रथम कोठे लिहिला गेला? गोष्टीत नव्हे, कायद्यात. साधारण १०२० च्या सुमारास कन्यूट राजाच्या धर्मविषयक कायद्यांत तो येतो. बिशपांनी मेंढपाळाप्रमाणे जागरूक राहावे, नाहीतर पिसाळलेला वेअरवुल्फ कळपाचे लचके तोडील, असा त्या कलमाचा आशय. येथे वेअरवुल्फ म्हणजे प्रत्यक्ष सैतान. हे कायदे लिहिणारा यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन. त्याच्या नावात लांडगा आहेच, शिवाय आपल्या प्रवचनांवर तो 'लूपस' म्हणजे लांडगा अशी स्वाक्षरी करी. मसुदा तयार करणाऱ्याने स्वतःचे नाव कलमात घुसवल्याचे याहून जुने उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

इंग्लंडच्या भूमीवरून खरे लांडगे पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ नाहीसे झाले. जनावरच नाही तिथे शब्द तरी कोण वापरणार? पण खाडीपलीकडे फ्रान्समध्ये त्याची भरभराट होती. फ्रेंचांनी तो जर्मानिक फ्रँक लोकांकडून फार पूर्वीच उचलला होता. त्यांच्या तोंडी 'वेरवुल्फ'चे 'गारू' झाले. काही काळाने 'गारू'चा अर्थ लोक विसरले, म्हणून स्पष्टीकरणासाठी पुढे 'लू', म्हणजे लांडगा, हे पद जोडले. 'लू-गारू' याचा खरा अर्थ झाला 'लांडगा-माणूसलांडगा'. आपल्याला हसू येईल, पण आपण सकाळी पावरोटी खातोच की! पोर्तुगीज 'पाव' म्हणजेच रोटी. येथले आपले असमिया शेजारीही 'पाउरुटी'च म्हणतात. पुढे फ्रेंच वसाहतींबरोबर लू-गारू वेस्ट इंडीज बेटांत गेला आणि तेथून 'लूगारू' या रूपाने इंग्रजी कोशात आला. त्या बेटांवरचा लूगारू मात्र लांडगाही नव्हे आणि पुरुषही नव्हे. ती एक म्हातारी असते. रात्री आपली कातडी उतरवून आगीच्या गोळ्याच्या रूपाने उडते आणि रक्त पिते. दाराशी तांदूळ विखरून ठेवले तर ती दाणे मोजीत बसते आणि उजाडते, असा त्यावर उपाय सांगतात. वीरही गेला, वृकही गेला, नाव तेवढे शिल्लक राहिले.

इंग्रजीत वेगळीच मौज झाली. 'वेअर' म्हणजे पुरुष हे विसरल्यावर लोकांना वाटू लागले की 'वेअर' म्हणजेच 'रूप पालटणारा'. मग वेअर-टायगर, वेअर-हायना असे शब्द निघाले. २००५ साली तर एका गाजलेल्या ब्रिटिश चित्रपटाच्या नावात 'वेअर-रॅबिट' आला. वीरसशा! माझी चूक क्रियापदाची होती, साऱ्या इंग्लंडची चूक उपसर्गाची आहे. या विचाराने मला थोडा धीर आला.

वेअर-टायगरवरून आठवले. माझी नेमणूक जबलपूरला असताना तेथल्या एका ग्रंथालयात स्लीमनचे १८४४ साली प्रसिद्ध झालेले प्रवासवर्णन हाती लागले. ठगांचा बंदोबस्त करणारा तोच हा स्लीमन. त्यात एक प्रकरण माणूसवाघांवर आहे आणि त्याला ती माहिती देणारा गृहस्थ आपला मराठी माणूस आहे. सागर प्रांतातील देवरीचा जहागीरदार रामचंद्रराव. पेशव्यांच्या वतीने देवरी त्याच्याकडे होती. स्लीमन त्याला 'सरीमंत' म्हणतो. आपल्या 'श्रीमंत'चे त्या प्रांतातील लोकांच्या जिभेवर झालेले हे रूपांतर! रामचंद्ररावाने साहेबाला गंभीरपणे सांगितले की माणसे मारणारे वाघ बहुधा माणसेच असतात आणि ओळखण्याची खूण म्हणजे त्यांना शेपूट नसते. त्याच्या वडिलांच्या घरी रघू नावाचा धोबी होता. वाघ झाल्यावर कसे वाटते ते पाहावे म्हणून त्याने रानातून दोन मुळ्या आणल्या. एक स्वतः खाल्ली, दुसरी बायकोच्या हाती दिली आणि बजावले की मी वाघ होताच ही माझ्या तोंडात घाल. तो वाघ झाला. ते रूप पाहताच बायकोची अशी गाळण उडाली की ती मुळी हातात घेऊनच पळत सुटली. रघू रानात गेला, ओळखीपाळखीच्या कित्येकांना त्याने खाल्ले आणि शेवटी गोळीला बळी पडला. शेपूट नव्हते, म्हणून तो रघूच हे सिद्ध झाले. स्लीमनने यासाठी 'मॅन-टायगर' असा साधा जोडशब्द वापरला आहे. त्यात माणूस उघड दिसतो, म्हणून मला तो अधिक प्रामाणिक वाटतो.

बाकीच्या काही शब्दांचा उल्लेख धावता करतो. लॅटिनमध्ये अशा प्राण्याला 'कातडी फिरवणारा' या अर्थाचे नाव होते. हीच शिवी भोंदू माणसाला देत. माणूस लांडगा होऊन पुन्हा माणूस होतो ही थाप आहे असे प्लिनीने पहिल्या शतकातच लिहून ठेवले आहे. 'बर्सर्क' हा जुन्या नॉर्स भाषेतला शब्द वॉल्टर स्कॉटने १८२२ मध्ये आपल्या एका कादंबरीतून इंग्रजीत आणला. त्याचा बहुधा अर्थ 'अस्वलाचा अंगरखा घातलेला'. युद्धात अस्वलासारखे बेभान होणारे ते योद्धे. येथल्या इंग्रजी वृत्तपत्रांत हत्ती बिथरला की तो 'बर्सर्क' झाला असे छापून येते, म्हणजे हत्तीने अस्वलाचा अंगरखा घातला!

'सेल्की' या शब्दापाशी मात्र थांबावेसे वाटते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी व शेटलंड बेटांवरचा हा शब्द. मूळ अर्थ केवळ सील हा समुद्रप्राणी. तिथले लोक सांगतात की सील रात्री किनाऱ्यावर येतात, कातडी उतरवून ठेवतात आणि स्त्री-पुरुष होऊन नाचतात. एक कोळी एका सील-स्त्रीची कातडी लपवतो. परतीची वाट बंद झाल्याने ती त्याच्याशी लग्न करते, संसार करते, मुले होतात. वर्षांनंतर एका मुलाला आढ्यावर किंवा पेटीत ती कातडी सापडते, तो आईला आणून दाखवतो आणि ती त्याच दिवशी समुद्राकडे निघून जाते. मी ही गोष्ट जेवताना घरी सांगितली. माझी पत्नी वाईची. आमच्या आजवर नऊ बदल्या झाल्या. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मुलं मागेच ठेवली तिने?" मी म्हणालो, "हो." नंतर बराच वेळ ती काही बोलली नाही.

आता ज्याच्यासाठी मी ही सारी नावे गोळा केली त्या भागाकडे येतो.

वेअरवुल्फच्या शेजारी इंग्रजीत आणखी एक शब्द आहे, 'लायकॅन्थ्रॉपी'. 'लुकोस' म्हणजे लांडगा, 'आंथ्रोपोस' म्हणजे माणूस. अर्थ तोच, समास तोच. पण पहिला शब्द शेकोटीपाशी वाढला आणि दुसरा वैद्याच्या घरी. सातव्या शतकात पॉल ऑफ एजिना या ग्रीक वैद्याने हा एक विकार म्हणून नोंदवला आहे. आपण लांडगा आहोत अशी रोग्याची समजूत होते, तो रात्री थडग्यांभोवती भटकतो, हा उन्मादाचा प्रकार असून त्यावर उपचार करावेत, असे त्याचे म्हणणे. हा वैद्यकी शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. १५८४ मध्ये रेजिनाल्ड स्कॉट नावाच्या केंटमधील एका गृहस्थाने चेटकाच्या समजुतींवर ग्रंथ लिहून ठासून सांगितले की हा रोग आहे, रूपांतर नव्हे. पुढे इंग्लंडच्या गादीवर बसलेल्या जेम्स राजाने १५९७ च्या आपल्या पुस्तकात चेटकिणींना देहान्त शिक्षा हवी असा आग्रह धरला, पण वेअरवुल्फाबाबत मात्र हा चित्तभ्रम असावा असेच मत दिले.

एकाच माणसाला लावायचे हे दोन शब्द. कोणता लावला जातो यावर त्याचे काय होणार ते ठरे. १५८९ साली जर्मनीत कोलोनजवळच्या बेडबुर्ग गावी पेटर स्टुंप याने, छळाच्या धाकाने, आपण लांडगा होऊन माणसे मारल्याचा कबुलीजबाब दिला. त्याला चाकावर बांधून हालहाल करून मारले आणि त्याच्या मुलीलाही त्याच्याबरोबर जाळले. पुढच्याच वर्षी त्याची हकीकत लंडनमध्ये छापून विकली गेली. १६०३ साली फ्रान्समध्ये बोर्दोच्या न्यायालयापुढे झाँ ग्रेनिए नावाचे गुराखी पोर उभे राहिले. वय तेरा-चौदा. आपण लांडगा होतो, मुले खातो, असे ते आपणहून सांगत होते. न्यायाधीशांनी वैद्यकी शब्द प्रमाण मानला. हा मुलगा मंदबुद्धी आहे, त्याचे बोलणे हा भ्रम आहे, असा निकाल देऊन त्याला जन्मभर एका मठात ठेवण्याचा हुकूम दिला. मठातले आयुष्य काही सुखाचे नसेल, पण त्याला चितेवर चढवले नाही. मधली वर्षे फक्त चौदा.

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणेल, म्हणून आणखी एक शब्द सांगतो, 'चेंजलिंग'. 'चेंज' म्हणजे बदलणे, त्याला 'लिंग' हा इंग्रजीतला लघुत्वदर्शक प्रत्यय. सोळाव्या शतकात त्याचा अर्थ चंचल माणूस एवढाच होता. पुढे 'परीलोकांनी पळवलेल्या मुलाच्या जागी ठेवलेले त्यांचे पोर' हा अर्थ त्याला चिकटला. जे मूल अशक्त, बोलायला उशीर झालेले, अपंग, ते आपले नव्हेच असे म्हणण्याची सोय या शब्दाने करून दिली. मोठ्या माणसांनाही तो लावीत. आयर्लंडच्या टिपररी परगण्यात १८९५ च्या मार्चमध्ये ब्रिजेट क्लिअरी ही सव्वीस वर्षांची शिवणकाम करणारी स्त्री आजारी पडली. ही माझी बायको नव्हे, तिच्या जागी दुसरेच कोणी आहे, असे तिचा नवरा म्हणू लागला. आप्तांसमक्ष तिला तिचे नाव पुन्हापुन्हा विचारण्यात आले. ती नाव सांगत होती. शेवटी नवऱ्याने तिला घरातल्या चुलीपाशी जाळले. सदोष मनुष्यवधाबद्दल त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. आगगाड्या, तारायंत्रे आणि वृत्तपत्रे यांच्या काळातील ही घटना आहे. परी, चेंजलिंग हे शब्द आज आपण मुलांच्या पुस्तकांत पाहतो आणि ते गोड वाटतात.

बंधुभगिनींनो, आपण आता ज्या भूमीवर बसलो आहोत तिचे प्राचीन नाव कामरूप. रामायणात राक्षसांना आणि वानरांना 'कामरूपी', म्हणजे इच्छेस येईल ते रूप घेणारे, असे विशेषण आहे. या भूमीचे नाव मात्र मदनाला येथे पुन्हा रूप लाभले या कथेवरून पडले असे सांगतात. आणि येथल्या बोलीत 'डाइनी' हा शब्द आहे. आपल्या डाकिणीचाच तो सख्खा भाऊबंद, दोहोंचे मूळ संस्कृत डाकिनी. गावात कोणी आजारी पडले, कोणाचे जनावर मेले, की एखाद्या एकट्या बाईवर तो शब्द येऊन बसतो आणि मग तिचे नाव, तिचे शेत, तिचा जीव यांतले काहीच तिचे उरत नाही. गोआलपाडा जिल्ह्यातील बिरुबाला राभा या बाईंनी त्याविरुद्ध आयुष्य वेचले. त्यांच्या मुलाचे डोके फिरले तेव्हा तो काही दिवसांतच मरणार असे देवऋष्याने सांगितले होते. मुलगा मेला नाही. त्या दिवसापासून त्यांचा त्या शब्दावरचा विश्वास उडाला. 'डाइनी' ठरवलेल्या बायकांच्या बाजूने त्या गावोगाव उभ्या राहिल्या. आसाम विधानसभेने २०१५ साली याविरुद्ध विधेयक संमत केले, त्याला राष्ट्रपतींची संमती २०१८ मध्ये मिळाली. बाईंना २०२१ साली पद्मश्री दिली गेली, २०२४ मध्ये त्या वारल्या. कलमे, दंड, शिक्षा हे सर्व त्या अधिनियमात आहे आणि ते हवेच. पण कायद्याच्या अंमलबजावणीत आयुष्य गेलेला माणूस म्हणून सांगतो, पोलिसाच्या आधी गावात शब्द पोहोचलेला असतो.

शब्दकोशात मला जे सापडले ते एवढेच, की त्या लांडग्याच्या नावात माणूस पहिल्यापासून होता आणि लोक तोच विसरले.

राहता राहिली त्या मुलीची गोष्ट. गेल्या रविवारी मी तिला गाठले आणि माझे उत्तर चुकले होते असे सांगितले. वीर, वृक, सर्व समजावून दिले आणि 'वृकमानव' असा प्रतिशब्द सुचवला. तिने तोंड वाकडे केले. म्हणाली, "काका, तो तर पुस्तकातला शब्द झाला." मी म्हटले, "मग तूच सांग."

थोडा वेळ विचार करून ती म्हणाली, "पाळलेला प्राणी माणसाळतो ना? मग हा लांडगाळलेला माणूस."